चाकणची एस-क्लास आणि तळातलं व्हेरिअंट

या शनिवारी गाड्यांवर लिहितोय. त्यातही मर्सिडीजच्या एस-क्लासवर. नाही, घेतलेली नाहीये. वाकडच्या टू बीएचकेचे अजून सतरा वर्षांचे हप्ते बाकी असलेला माणूस एस-क्लासचा विचार करतो तो ती सिग्नलला शेजारी येऊन थांबली तरच. पण ही गाडी आपल्या भागात तयार होते आणि तिच्याबद्दल इथे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणजे 'आपल्या चाकणला बनते, माहितीये का!' आणि दुसरा, 'बड्या लोकांचे चोचले, आपल्याला काय त्याचं?' मला दोन्ही अर्धवट वाटतात. दुसरा तर जरा महागात पडणारा आहे.

आधी पहिला सूर. मर्सिडीज पुण्यात आली १९९४ मध्ये, टेल्कोचं बोट धरून. (टाटा मोटर्स म्हणा हवं तर. पण पिंपरी-चिंचवडमध्ये माझ्या बाबांच्या वयाचा माणूस अजूनही टेल्कोच म्हणतो.) ओळख तशी जुनी होती. १९५४ पासून टेल्को डाइमलर-बेन्झच्या सहकार्याने ट्रक बनवत होती आणि तो करार १९६९ मध्ये संपला होता. मग पंचवीस वर्षांनी परत गाठ पडली आणि १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात पहिली भारतीय मर्सिडीज जोडली गेली. ती होती डब्ल्यू १२४, म्हणजे तेव्हाची ई-क्लास. गंमत अशी की त्याच वर्षी जर्मनीत तिची पुढची पिढी, डब्ल्यू २१०, बाजारात आली. थोडक्यात काय, तिकडे रिटायर होत असलेलं व्हर्जन आपल्याकडे नवीन म्हणून आलं. क्लायंटने सोडून दिलेल्या सिस्टीमचा मेंटेनन्स ज्यांनी केलाय त्यांना हे दुःख समजावून सांगायची गरज नाही. पैसेवाल्या गिऱ्हाइकालाही ते समजलं आणि सुरुवातीला गाडी काही फारशी खपली नाही.

२००९ मध्ये कंपनी चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. चाकण म्हणजे एकेकाळी कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजवलं तो भुईकोट. आता किल्ला शोधावा लागतो आणि कंटेनर न शोधता मिळतात.

तर, 'चाकणला बनते' म्हणजे नेमकं काय? सुटे भाग पेटाऱ्यांत येतात, इथे लाइनवर जोडले जातात, तपासले जातात आणि गाडी बाहेर पडते. याला सीकेडी म्हणतात. पूर्ण तयार गाडी आणली तर कस्टम ड्युटी जबरदस्त, सुट्या भागांवर बरीच कमी. सगळं गणित तिथे आहे. सध्याची पिढी, डब्ल्यू २२३, जून २०२१ मध्ये भारतात आली तेव्हा आयात केलेल्या गाडीची किंमत २.१७ कोटींपासून होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चाकणला जोडलेली आली ती १.५७ कोटींपासून. इंजिनं आणि ट्रिम अगदी सारखी नव्हती, पण साठ लाखांच्या फरकातला मोठा वाटा पेटाऱ्याचा आहे. डिझाइन, क्रॅश टेस्ट, कोणत्या सेन्सरवर किती भरवसा ठेवायचा याचे निर्णय, हे सगळं तिकडे श्टुटगार्टजवळ झिंडेलफिंगेनला होतं.

यात कमीपणा काही नाही हं. जोडणीलाही कसब लागतं. आणि हिंजवडीत बसून आपण तरी वेगळं काय करतो? आर्किटेक्चर तिकडून येतं, स्क्रू आपण पिळतो. फक्त अभिमान नेमका कशाचा बाळगायचा हे माहीत असावं, एवढंच.

आता दुसरा सूर, चोचल्यांचा.

एस-क्लासमधला एस हा जर्मन 'झोंडरक्लासे'चा, म्हणजे खास वर्ग. हे नाव अधिकृतपणे १९७२ च्या डब्ल्यू ११६ पासून लागलं. या गाडीची खरी गोष्ट मऊ सीटची नाही. साधारण सात-आठ वर्षांनी येणारी ही गाडी म्हणजे बाकी सगळ्या गाड्यांच्या पुढच्या वीस-तीस वर्षांची फीचर लिस्ट असते. श्रीमंत माणूस दामदुप्पट पैसे मोजून बीटा टेस्टिंग करतो आणि ते स्थिरावलं की बाकीच्यांना मिळतं. निदान मिळायला हवं.

एबीएसचंच बघा. जोरात ब्रेक दाबला की चाक फिरायचं थांबतं आणि गाडी घसरत राहते. घसरणारं चाक वळत नाही. तुम्ही स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ समोरच्या ट्रकच्या दिशेने जाते. फिरतं चाक मात्र वळतं. एबीएस एवढंच करतं की प्रत्येक चाकाचा वेग सेन्सरने मोजत राहतं, चाक अडकायला लागलं की त्या चाकाचा ब्रेक क्षणभर ढिला करतं आणि परत आवळतं, सेकंदाला अनेक वेळा. साधा फीडबॅक लूप आहे, आपल्यापैकी कुणीही फळ्यावर काढून दाखवेल. पण मर्सिडीजने १९७० मध्ये तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा आतली इलेक्ट्रॉनिक्स अॅनालॉग होती आणि रोजच्या वापरात टिकेल असा भरवसा नव्हता. पुढे बॉशने डिजिटल केलं, कंट्रोल युनिटमधले हजारेक पार्ट १४० वर आणले आणि १९७८ मध्ये ते एस-क्लासमध्ये आलं. तेही एक्स्ट्रा पैसे भरून. म्हणजे गाडी थांबवण्याचा प्रश्न शेवटी चिपने सोडवला. आपल्या जातीच्या माणसांचं काम!

एअरबॅग १९८१ मध्ये, पुन्हा एस-क्लासमध्येच. (त्याआधी अमेरिकेत जनरल मोटर्सने काही वर्षं विकून सोडून दिल्या होत्या.) ईएसपी, म्हणजे गाडी वळणावर भिरभिरायला लागली तर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला ताळ्यावर आणणारी यंत्रणा, १९९५ मध्ये एस-क्लासच्याच कूपेमध्ये. २००२ मध्ये प्री-सेफ आलं. अपघात होणार असं वाटलं की ते आधीच पट्टे आवळतं आणि सनरूफ उघडं असेल तर बंद करतं. हा सनरूफचा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळंच या गाडीतून आलं असं मात्र नाही. तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट व्होल्वोने १९५९ मध्ये आणला आणि त्याचं पेटंट सगळ्यांना वापरू दिलं. सगळ्यात जास्त जीव वाचवणारी वस्तू म्हणजे एक पट्टा आणि तोही फुकट दिलेला. असो.

मला जी गोष्ट सांगायची आहे ती वेगळीच आहे. फीचर वरून खाली 'आपोआप झिरपतं' असं आपण धरून चालतो. पावसाचं पाणी झिरपतं तसं. ते तसं होत नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी ओढून खाली आणावं लागलंय.

ईएसपी सगळ्यात महागड्या गाडीतून सगळ्यात छोट्या मर्सिडीजमध्ये किती दिवसांत आलं? जेमतेम दोन-अडीच वर्षांत. कारण कंपनीचं मन मोठं होतं म्हणून नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये एका स्वीडिश मासिकाने नवीकोरी ए-क्लास घेऊन 'समोर अचानक हरीण आलं तर' ही चाचणी केली आणि गाडी उलटली. जगभर हसं झालं. कंपनीने विक्री काही काळ थांबवली, सस्पेन्शन सुधारलं आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी बसवून दिलं. जे कालपर्यंत खास वर्गासाठी होतं ते बेअब्रू झाल्यावर सर्वांसाठी परवडायला लागलं.

आता आपल्याकडचा हिशोब. एबीएस १९७८ मध्ये एस-क्लासमध्ये आलं. युरोपात सगळ्या नव्या गाड्यांत साधारण २००४ पर्यंत आलं. भारतात सगळ्या कारना ते सक्तीचं झालं एप्रिल २०१९ मध्ये. एक्केचाळीस वर्षं! ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ मध्ये आणि शेजारच्या माणसाची तर २०२१ संपताना. म्हणजे अडीच वर्षं कायद्याच्या लेखी ड्रायव्हरचा जीव मोलाचा आणि शेजारी बसलेल्या बायकोचा ऑप्शनल. तोवर चाकणहून बाहेर पडणाऱ्या आलिशान गाड्यांमध्ये एअरबॅगा मोजायला दोन्ही हात लागत होते.

हे सगळं एकाच एमआयडीसीत बघायचं असेल तर फोक्सवॅगनची पोलो बघा. तीही चाकणची, निघोजेच्याच बाजूची, मर्सिडीजच्या जवळची. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने पाच भारतीय गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आदळल्या आणि पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यात एअरबॅग नसलेली पोलो होती. गंमत म्हणजे (गंमत कसली) तिचा सांगाडा मजबूत निघाला, आतल्या माणसाचं काही खरं नव्हतं. मग दोन एअरबॅगवाली पोलो आदळली आणि तिला चार तारे मिळाले. तोच सांगाडा, तीच लाइन, तेच चाकण. फरक दोन पिशव्यांचा. कंपनीने लगेच एअरबॅग नसलेलं मॉडेल बंद केलं आणि दोन एअरबॅग सरसकट दिल्या. मग आधी काय अडलं होतं? तंत्रज्ञान अडलं नव्हतं, पुरवठादार अडला नव्हता. गिऱ्हाईक विचारत नव्हतं आणि सरकार सांगत नव्हतं.

पुढचं चित्र बदललं हे कबूल करायला हवं. पिंपरीत बनणाऱ्या अल्ट्रोझला २०२० मध्ये पाच तारे मिळाले. चाकणच्याच टायगुन आणि कुशाकला २०२२ मध्ये, त्याही नव्या आणि जास्त कडक चाचणीत. भारत एनकॅप २०२३ मध्ये सुरू झालं. २०२५ मध्ये तर अल्टो के१० मध्ये सरसकट सहा एअरबॅग आल्या, जी अल्टो २०१४ च्या त्या शून्यवाल्या यादीत होती तिच्याच घराण्यातली. तारे जाहिरातीत चमकायला लागले की कंपन्यांना अचानक आपल्या जिवाची काळजी वाटायला लागते. वाटू दे. कारण काहीही असो.

सरकारचं मात्र मला कळत नाही. सप्टेंबर २०२२ चा क्रम बघा. ४ तारखेला पालघरजवळ सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. गाडी मर्सिडीजचीच होती, एअरबॅगा होत्या. मागे बसलेले दोघे गेले आणि मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. सगळ्या देशात चर्चा. २९ तारखेला गडकरींनी सहा एअरबॅगची सक्ती एक वर्ष पुढे ढकलल्याचं जाहीर केलं. आणि ३० तारखेला ते चाकणला होते, मर्सिडीजच्या ईक्यूएस या विजेवरच्या मोठ्या सेडानच्या कार्यक्रमात. एस-क्लासची इलेक्ट्रिक बहीणच म्हणा. किंमत १.५५ कोटी, एका चार्जमध्ये एआरएआयच्या चाचणीनुसार ८५७ किलोमीटर आणि नऊ एअरबॅगा. उत्पादन वाढवा म्हणजे किंमत उतरेल, आपण मध्यमवर्गीय आहोत, तुमची गाडी मलासुद्धा परवडत नाही, असं ते तिथे म्हणाले. बातम्या त्या वाक्याच्या झाल्या. आदल्या दिवशीच्या निर्णयाशी ते वाक्य कुणी जोडून बघितलं नाही. वर्षभराने, सप्टेंबर २०२३ मध्ये, सहाची सक्ती करणार नाही असंही सांगून झालं.

आणि एक नवीनच प्रकार सुरू झालाय, तो आपल्या धंद्यातून तिकडे गेलेला आहे. डब्ल्यू २२३ आणि ईक्यूएसमध्ये मागची चाकंसुद्धा वळतात, जास्तीत जास्त १० अंश. हळू चालताना पुढच्यांच्या उलट दिशेला, त्यामुळे सव्वापाच मीटरची गाडी एखाद्या छोट्या गाडीसारखी वळते. जोरात जाताना त्याच दिशेला, त्यामुळे लेन बदलताना डुलत नाही. सुंदर इंजिनिअरिंग! पण जर्मनीत ईक्यूएसला सुरुवातीला मिळायचे ४.५ अंश. पूर्ण १० हवे असतील तर तेव्हा वर्षाला ४८९ युरो मोजावे लागत. हार्डवेअर गाडीत आधीच बसवलेलं. पैसे भरले की फीचर फ्लॅग ऑन. हा कोड लिहिणाऱ्याला काय वाटलं असेल ते मी ओळखू शकतो. जिरा तिकिटाला नाही म्हणता येत नाही, महाराजा.

चाकं वळण्याच्या बाबतीत चालेल. ज्याला पार्किंगची हौस आहे त्याने भरावेत. पण आपल्याकडची व्हेरिअंटची यादी हा त्याच मनोवृत्तीचा जुना अवतार आहे. एबीएस असलेल्या गाडीत ईएसपी द्यायला काय लागतं? चाकांचे सेन्सर आहेत, ब्रेकची हायड्रॉलिक यंत्रणा आहे, तिची जरा वरची आवृत्ती, गाडी किती भिरभिरतेय आणि स्टिअरिंग किती वळलंय ते सांगणारे दोन-तीन सेन्सर आणि सॉफ्टवेअर. फुकट नाही, पण सनरूफपेक्षा स्वस्तात नक्की बसेल असं माझं मत आहे. तरी कित्येक वर्षं ते 'टॉप मॉडेल'च्या रकान्यात बसून होतं.

परवा एका मित्राबरोबर गाडी बघायला गेलो होतो. शोरूमचं नाव नको. सेल्सवाल्या पोराने आधी काय केलं असेल? सनरूफ उघडून दाखवलं. मग दारातले रंगीत दिवे. (एस-क्लासमध्ये हे दिवे ६४ रंगांचे असतात. बघा, हे कसं पटकन झिरपलं! याला एक्केचाळीस वर्षं नाही लागली.) मग मोठी स्क्रीन, हवेशीर सीट, बोलून उघडणारी काच. मी विचारलं, ईएसपी कोणत्या व्हेरिअंटपासून? तो ब्रोशर चाळायला लागला. मित्र म्हणाला, अरे तो काही रेसला चाललाय का. त्याला मी म्हटलं, तू रोज मोशीवरून कुरुळी फाट्याला जातोस. नाशिक रोडवर समोरचा टेम्पो इंडिकेटर न देता वळणार, मागे कंटेनर, रस्त्यावर पहिल्या पावसाचं ऑइल. रेसवाल्यांना एवढा त्रास नसतो.

मित्राची बाजू खोटी नाही, हेही सांगतो. गाडी हा आपल्या घरांत दहा-पंधरा वर्षांतून एकदा येणारा प्रसंग असतो. आई-बाबांना पेढे घेऊन यायचं असतं, सोसायटीत गाडी दिसायची असते. ईएसपी कुणाला दाखवणार? ते काम करतं तेव्हा काहीच घडत नाही, आणि न घडलेली गोष्ट दाखवता येत नाही. टेस्टिंगवाल्यांना हे दुःख चांगलं माहितीये. म्हणून तर मला वाटतं की या गोष्टी गिऱ्हाइकाच्या आवडीवर सोडूच नयेत. युरोपने २०१४ पासून प्रत्येक नव्या गाडीला ईएसपी सक्तीचं केलं, तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकाला कुणी आवड विचारली नव्हती.

शिवाय कार तरी म्हणायला बरी. माझा मामेभाऊ चाकणमधल्या एका गाडीच्या कारखान्यात लाइनवर आहे. दिवसभर जिच्यात कॅमेरे, रडार आणि डझनभर पिशव्या बसवतो ती गाडी शेडमधून बाहेर पडते आणि हा १०० सीसीच्या बाइकवर तळेगाव रस्त्याने घरी निघतो. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना २०१८-१९ मध्ये एबीएस सक्तीचं झालं. त्याखालच्यांना कॉम्बी ब्रेकवर भागवलं, म्हणजे एक दाबला की दोन्ही थोडे थोडे लागतात. चाक अडकायचं ते अडकतंच. आणि आपल्या पट्ट्यात शिफ्ट सुटते तेव्हा रस्त्यावर बहुतेक गाड्या त्याखालच्याच असतात. पेट्रोलच्या भावात दुसरी घेणार कुठून? १९७८ मधला तो लूप अजून त्याच्या पुढच्या चाकापर्यंत पोचलेला नाही, आणि तो कसा चालतो हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये.

मित्राने शेवटी मधलं व्हेरिअंट बुक केलं. ईएसपी आहे, सहा पिशव्या आहेत, सनरूफ नाही. वहिनी आठवडाभर नाराज होत्या. डीलर म्हणतो, सनरूफवाली उभीच आहे, उद्या घेऊन जा, याला मात्र नऊ आठवडे थांबावं लागेल, कारण ही फारसं कुणी मागत नाही. दसऱ्यापर्यंत देतो म्हणालाय.